शिट्टी कोणाच्या हातात? : ‘झुंड’ पुन्हा पाहताना



सुरुवातीलाच एक कबुली देते. आयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं, की मी काही सिनेमाची समीक्षक नाही. माझी एकतीस वर्षं शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली, आणि त्यातली बरीचशी कबड्डीच्या मैदानाच्या कडेला. ते म्हणाले, “म्हणूनच तर या.” विषय दिला, ‘खेळातलं नेतृत्व आणि स्त्रिया’. मी म्हटलं, असा कोरडा विषय घेतला तर लोक पंधरा मिनिटांत मोबाइल काढतील. आपण नागपुरात बसलोय, नागपुरातल्या खेळावर एक मोठा सिनेमा झालेला आहे, तोच समोर ठेवून बोलू. म्हणून आज नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. ४ मार्च २०२२ ला आला. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, आणि तिसऱ्यांदा चिडले. आज त्या तिसऱ्या वेळेबद्दल बोलायचंय. पण पहिल्या दोन वेळा खोट्या होत्या असं मात्र समजू नका.

एक प्रश्न विचारते. झोपडपट्टीची पोरं आणि कॉलेजचा संघ यांच्यातला तो सामना आठवा. गोल आठवतात, पोरांचे चेहरे आठवतात, गोंधळ आठवतो, बच्चनसाहेब आठवतात. त्या सामन्याचा रेफरी आठवतो का? हात वर करा... एकही नाही. मी शाळेतल्या शिक्षकखोलीत विचारलं, घरी विचारलं, तिथंही कुणाला आठवला नाही. यात तुमचा दोष नाही. रेफरी नीट काम करत असेल तर तो दिसतच नाही. पण मला तेच पाहायची सवय लागलेली आहे. कुठलाही सामना लागला की माझी नजर आधी शिट्टीकडे जाते. खेळाडू कोण हे तर सगळेच बघतात. ठरवणारा कोण, हे मी बघते.

आता सिनेमाचं जे चांगलं आहे ते आधी मोकळेपणानं सांगते. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. विजय बोराडे नावाचे क्रीडाशिक्षक, कॉलेजच्या भिंतीपलीकडे झोपडपट्टी, पावसात डब्याला लाथा मारत खेळणारी पोरं. सर त्यांना पैसे देऊन फुटबॉल खेळायला लावतात, आणि एक दिवस पैसे नाहीत म्हणतात. तोवर पोरांना खेळाचीच चटक लागलेली असते. मूळ हकिकत विजय बारसे यांची. ते हिस्लॉप कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते आणि २००१ पासून त्यांनी आपल्या नागपुरात ‘स्लम सॉकर’ उभं केलं. पुढे २०१६ साली फिफानं आपला विविधता पुरस्कार सुरू केला तो पहिल्याच वर्षी या नागपूरच्या संस्थेला मिळाला. ही गोष्ट या शहरात फार लोकांना माहीत नसते म्हणून मुद्दाम सांगितली.

मंजुळ्यांनी ही गोष्ट ‘गरीब पोरांचं भलं केलं’ या सुरात सांगितली नाही, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. ती पोरं गोड नाहीत. चोरी करतात, नशा करतात, शिव्या देतात, आणि तरीही कॅमेरा त्यांच्याकडे संशयानं बघत नाही. बोराडे सरांच्या समोर एकेक जण आपापली कहाणी सांगतो तेव्हा तर मला माझा वर्ग आठवला. आंबेडकर जयंतीचा प्रसंग बघा. मुंबईच्या हिंदी सिनेमानं इतक्या वर्षांत जी मिरवणूक पाहिलीच नव्हती ती इथं पूर्ण रंगात आहे. मी उत्तर नागपुरातली. आमच्या घराखालून जाणारा आवाज पहिल्यांदा थिएटरच्या स्पीकरमधून आला, त्या दिवशी काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही.

आणि मोनिका. रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी मुलगी. खेळायला परदेशी जायचं तर पासपोर्ट पाहिजे, पासपोर्टला कागद पाहिजे, कागदाला आणखी एक कागद पाहिजे. ती आणि तिचा बाप या दारातून त्या दारात जात राहतात. सामना जिंकण्याहून तो कागद जिंकणं अवघड. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातला सगळ्यांत खरा खेळ तो आहे. कारण तिथं सिनेमा सांगतो, की खेळाडूच्या पायात ताकद असून भागत नाही. तू आहेस असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं. आणि लिहून देणारा हात तिचा नसतो.

इथपर्यंत माझं आणि सिनेमाचं जमतं. चिडचिड यापुढे सुरू होते.

हा जो ‘लिहून देणारा हात’ आहे, ‘ठरवणारा हात’ आहे, तो मैदानावरसुद्धा असतो, आणि सिनेमा तिथं मात्र त्याच्याकडे बघत नाही. सगळे निर्णय बोराडे सर घेतात. संघ कोणाचा, सामना कधी, कोण आत, कोण बाहेर. पोरं कोर्टात उभी राहिली तरी बोलतात ते सर. सिनेमात बायका आहेत, आणि चांगल्या आहेत. मोनिका आहे, लेकराबाळांची आई असलेली रझिया आहे, आणि दोघी काय ताकदीनं मैदानात उतरतात! पण दोघी उतरतात त्या खेळाडू म्हणून. तीन तासांच्या आसपासचा सिनेमा, तीनदा पाहिला, पण मैदानावर निर्णय घेणारी बाई मला काही सापडली नाही. बाई तर सोडाच, झुंडीतलं कुणीही निर्णय घेताना दिसलं नाही. झुंड खेळते. ठरवतात सर.

यावर तुम्ही म्हणाल, “मॅडम, खरी गोष्टच तशी होती. बारसे सर होते म्हणून तर सगळं झालं.” मान्य. आणि बच्चनसाहेब असल्याशिवाय एवढा पैसा कुणी लावला नसता, हेही मान्य. तिसरी गोष्ट मी स्वतःच तुमच्या बाजूनं सांगते, कारण ती सगळ्यांत वजनदार आहे. पडद्यावर जो मुद्दा राहिला तो पडद्यामागे मंजुळ्यांनी स्वतः गाजवला आहे. दलित घरातला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा माणूस दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसतो, आणि सिनेसृष्टीतला सगळ्यांत मोठा नट त्याच्या ‘कट’वर थांबतो. म्हणजे या सिनेमाची शिट्टी झुंडीतल्याच माणसाच्या हातात होती! याचं मोल मी जाणते. म्हणूनच वाटतं, की ज्याला ठरवणाऱ्याच्या जागेची किंमत इतकी नीट माहीत आहे, त्यानं आपल्या पात्रांनाही ती जागा थोडी तरी द्यायला हवी होती. ज्या मुलावरून सिनेमातला डॉन बेतला असं छापून आलं, तो मुलगा प्रत्यक्षात पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. सिनेमा विमान उडेपर्यंत येऊन थांबतो. खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली होती.

तुम्हाला वाटेल, बाई एवढ्याशा गोष्टीवरून का भांडते? म्हणून माझीच एक गोष्ट सांगते. नावं सांगणार नाही. माणसं हयात आहेत, आणि वाईट कुणीच नव्हतं.

कबड्डीत पंचांची रचना कशी असते ते आधी सांगते, म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांना कळेल. एक सरपंच, दोन बाजूंना दोन पंच, एक गुणलेखक आणि त्याचे दोन सहाय्यक. शिट्टी पंचांकडे. वाद झाला तर शेवटचा शब्द सरपंचाचा. गुणलेखक टेबलावर बसून कागदावर लिहितो. मी पंच परीक्षा पास झाले त्यानंतर सात-आठ वर्षं माझी जागा ठरलेली होती. टेबल. “मॅडमचं अक्षर छान आहे,” हे कारण. माझ्यासोबत परीक्षा दिलेले, माझ्याहून कमी मार्क मिळालेले पुरुष मैदानात, आणि मी त्यांच्या निर्णयांची नोंद करत टेबलाशी. मुलींचे सामने असले तरी हेच.

एकदा एका तालुक्याच्या स्पर्धेत एक पंच आलेच नाहीत. गाडी चुकली म्हणे. मुलींचा उपउपांत्य सामना होता. मला म्हणाले, “मॅडम, घ्या शिट्टी.” घेतली. दोन सामने घेतले, सुरळीत पार पडले. अंतिम सामन्याला संध्याकाळी गर्दी जमली, तेवढ्यात दुसऱ्या गावाहून एका गुरुजींना मोटारसायकलवर बसवून आणलं. मी विचारलं, “असं का जी?” तर उत्तर आलं, “मॅडम, फायनल आहे नं. भांडणं होतात. तुम्हाला त्रास नको.” बघा, किती काळजीनं बोलले! मी शिट्टी गळ्यातून काढून दिली आणि टेबलावर जाऊन बसले. अक्षर त्या दिवशीही छानच आलं.

पुढे शिट्टी मिळायला लागली तेव्हा दुसरी गंमत. एका सामन्यात चढाई करणाऱ्या मुलीचा पाय लॉबीत गेला. त्याआधी तिचा स्पर्श झाला होता, तो मला दिसला नाही. स्पर्श झाला की लॉबी मैदानात धरली जाते, हा पहिल्या धड्यातला नियम. मी तिला बाद दिलं. चूक माझी होती, शंभर टक्के. सरपंचांनी निर्णय फिरवला, बरोबर केलं. पण त्यानंतर दोन वर्षं त्या मैदानावर एकाही बाईला शिट्टी मिळाली नाही. त्याच स्पर्धेत एका पंचांनी लोण मोजताना गडबड केली होती. त्यांना लोकांनी शिव्या दिल्या, पण पुढच्या वर्षी ते परत आले. त्यांची चूक त्यांची एकट्याची होती. माझी चूक माझ्यानंतर येणाऱ्या मुलींच्या खात्यावर लिहिली गेली.

म्हणून मला टेबल आणि मैदान यांतलं अंतर माहीत आहे. आणि हे अंतर फक्त बाईपुरतं नाही. महाराष्ट्राच्या खेळात याचा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा दाखला आहे बाळू पालवणकरांचा. ‘झुंड’वर बोलताना त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, पण माझ्या मते या सिनेमाचा खरा पूर्वज तोच.

बाळू चांभार घरातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची कामं करायचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरा फिरकी गोलंदाज असा, की पुढे हिंदूंच्या संघाला त्यांना घेतल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. घेतलं. मैदानावर चेंडू त्यांच्या हातात, पण चहाच्या वेळी ते तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसानं तिथं शंभरावर बळी घेतले. आता सांगा, अशा माणसाला कर्णधार करायला काय हरकत होती? पण तीच होती. वर्षानुवर्षं मागणी झाली आणि वर्षानुवर्षं कर्णधार दुसराच. १९२० साली डावललं गेलं तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले. बोभाटा झाला, समेट झाला, बाळूंना उपकर्णधार केलं. शेवटी १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाला ती खुर्ची कधीच मिळाली नाही.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. बाळूंना ‘खेळू नको’ असं कुणी म्हणालं नाही. उलट खेळ म्हणूनच आग्रह होता, कारण त्यांच्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता. घाम चालत होता, हुकूम चालत नव्हता. आपल्याकडे ‘खेळानं जात मोडते’ असं भाषणात म्हणायची रीत आहे. मीही शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटलंय. आज तेवढ्या ठामपणे म्हणणार नाही. एका ताटात जेवलो म्हणून जात थोडी मोडते. ‘हा सांगेल तसं करायचं’ असं अकरा जणांनी मान्य केलं, की मग खरी मोडायला लागते. ‘झुंड’ पहिल्या पायरीपर्यंत मला हात धरून नेतो, आणि दुसऱ्या पायरीशी हात सोडतो. माझी तक्रार एवढीच.

आता तुम्ही म्हणाल, तो काळ गेला. थोडा गेला, खरंय. जानेवारी २०२३ मध्ये रणजी करंडकाच्या सामन्यांत पहिल्यांदा बायकांनी पंचगिरी केली. वृंदा राठी, एन. जननी आणि गायत्री वेणुगोपालन. यातल्या वृंदा राठी आपल्या मुंबईकडच्या. त्यांची वाट मला फार जवळची वाटते, कारण तीही टेबलापासून सुरू होते. विद्यापीठाकडून क्रिकेट खेळल्या, मग गुणलेखक झाल्या. २०१३ साली महिलांचा विश्वचषक मुंबईत झाला तेव्हा त्या गुणलेखनाच्या टेबलावर होत्या, आणि मैदानात न्यूझीलंडच्या कॅथी क्रॉस पंच म्हणून उभ्या होत्या. टेबलावरून त्यांनी ती बाई पाहिली आणि ठरवलं, की आपणही हे करू शकतो. दहा वर्षांनी गोव्यात पर्वरीच्या मैदानावर रणजीचा सामना सुरू झाला तेव्हा टोप्या-स्वेटर सांभाळत त्या यष्टीमागे उभ्या होत्या. २०२५ च्या महिला विश्वचषकात तर सगळे पंच आणि सामनाधिकारी बायकाच होत्या, आणि या तिघीही त्यांत होत्या.

फुटबॉलमध्ये बघा. १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये जर्मनी आणि कोस्टा रिका यांचा सामना. पुरुषांचा विश्वचषक. शिट्टी फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांच्या तोंडात, आणि दोन्ही रेषांवर दोन बायका. ‘फायनल आहे नं, भांडणं होतात’ म्हणणाऱ्या आमच्या त्या गृहस्थांची मला त्या रात्री फार आठवण झाली. गड बाद झाला, जर्मनीचा संघ घरी गेला, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

पण याच बातम्यांत एक फसगत आहे. ‘पहिली महिला’ अशी बातमी आली की आपण टाळ्या वाजवून मोकळे होतो. आपल्या शहराचंच बघा. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्या देशमुख बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून आली, विमानतळावर शहर लोटलं. लोटायलाच पाहिजे! मीही होते. पण त्याच खेळातल्या, त्याच शहरातल्या आपल्या किती महिला पंचांना आपण ओळखतो? खेळाडूचं कौतुक करायला आपल्याला जड जात नाही. खेळाडू बाई असो, दलित असो, आदिवासी असो, ती जिंकली की आपली होते. पंचाच्या बाबतीत मात्र तिला आपल्याविरुद्ध निर्णय द्यायचा हक्क द्यावा लागतो. तिथं आपला हात आखडतो.

आणि वरचं दार खालच्या दाराच्या आधी उघडतं, हीपण एक गंमत आहे. आपल्या नागपूरचे शशांक मनोहर आयसीसीचे अध्यक्ष असताना, २०१८ साली, तिथं पहिल्या स्वतंत्र महिला संचालक म्हणून इंद्रा नूयी आल्या. चांगलं झालं. २०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला, त्यात राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या जास्तीत जास्त पंधरा जणांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया पाहिजेत असं आलं. तेही चांगलं. २०२३ साली दिल्लीच्या रस्त्यावर बसलेल्या महिला पहिलवानांनी आपल्याला दाखवून दिलंच होतं, की पदकं मिळवलेल्या बाईलासुद्धा संघटनेच्या बंद दारासमोर किती वेळ बसावं लागतं. दाराआड आपली चार माणसं असणं गरजेचंच आहे.

पण आपण महाराष्ट्रातली माणसं. आपल्याला एक अनुभव आहे, तो विसरू नये. मघाशी मी सरपंच म्हटलं. कबड्डीतला सरपंच आणि गावचा सरपंच, शब्द एकच. गावच्या सरपंचपदाला बाईसाठी आरक्षण आलं, २०११ पासून आपल्याकडे ते अर्ध्यावर गेलं. सुरुवातीला काय झालं? सही बाईची, खुर्चीवर नवरा. ‘सरपंचपती’ हा शब्द मराठीत जन्माला आला. मग हळूहळू, काही गावांत, बाई स्वतः बोलायला लागली. का लागली? कारण पाच वर्षं रोज तेच काम समोर येत होतं. ग्रामसभा घ्यावी लागत होती, चुका होत होत्या, चुकांसकट पुढे जावं लागत होतं. खुर्ची कायद्यानं मिळते, पण खुर्चीची सवय कामानंच होते.

म्हणून मला समितीतल्या चार जागांपेक्षा तालुक्याच्या मैदानावरच्या एका शिट्टीची जास्त काळजी आहे. समितीत जाणारी बाई कुठून येणार? जिनं मैदानावर कधी निर्णय घेतला नाही ती समितीत जाऊनही टेबलावरच बसेल, अक्षर छान काढेल. आणि आणखी एक. त्या कायद्यात बाई आहे, खेळाडू आहे, पण मोनिकाच्या वस्तीसाठी वेगळी जागा नाही. चार जागा भरताना कोणत्या घरातल्या बायका आधी पोचतील, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता ज्या एका गोष्टीसाठी ‘झुंड’वर माझा सगळ्यांत जास्त राग आहे ती सांगते. स्लम सॉकरसारख्या संस्था जगभरच्या ज्या जाळ्यात आहेत, त्यात फुटबॉल खेळायची एक वेगळी पद्धत आहे. तिला ‘फुटबॉल थ्री’ म्हणतात. तिचा जन्म कोलंबियातल्या मेडेयिन शहरातला. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबार या खेळाडूकडून स्वयंगोल झाला आणि परत आल्यावर त्याचा गोळ्या घालून खून झाला. त्या शहरातल्या टोळ्यांच्या पोरांसाठी ही पद्धत निघाली. सामन्याचे तीन भाग. पहिल्या भागात दोन्ही संघ बसून नियम ठरवतात. दुसऱ्या भागात खेळतात. तिसऱ्या भागात पुन्हा बसतात आणि ठरलं तसं वागलो का ते बोलतात, त्याचेही गुण असतात. मुलं-मुली एकत्र. सुरुवातीला तर नियमच असा होता, की पहिला गोल मुलीनं केला तरच पुढचे धरायचे. आणि रेफरी? नसतो. दोन्ही बाजूंना बोलतं करणारा एक मध्यस्थ असतो, बस.

विचार करा. आपल्या सिनेमात टोळीची पोरं आहेत, मुली आहेत, खिशात ब्लेड आहे, भांडण आहे. अशा पोरांना गोल करून बसवायचं आणि म्हणायचं, “सांगा, फाऊल कशाला म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.” कसला प्रसंग झाला असता! तेरा वर्षांची एखादी पोरगी डॉनला म्हणाली असती, “तू धक्का दिला, आमचा चेंडू,” आणि डॉनला ते मान्य करावं लागलं असतं. माझ्या मते कॉलेजच्या संघाला हरवण्याहून तो मोठा विजय असता. नियम पाळायला शिकवणं सोपं आहे, ते आम्ही शाळेत रोज करतो. नियम ठरवायला शिकवणं अवघड आहे. ते आम्ही करत नाही, आणि सिनेमानंही केलं नाही.

सिनेमाच्या शेवटी ती भिंत दिसते. भिंत ओलांडायला सक्त मनाई, अशी पाटी असलेली. वरून विमान जातं. प्रतिमा जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मला दरवेळी वाटतं, की विमानानं भिंत ओलांडली म्हणजे ती खाली तशीच राहिली. पाटी काढायची कुणी? ती काढायचा अधिकार असलेला माणूस कोण? पाटी लिहिणाऱ्याच्या खुर्चीत मोनिका कधी बसणार? असा सिनेमा मंजुळेच करू शकतात. त्यांच्याकडून अपेक्षा आहे म्हणूनच एवढं बोलले.

बरं, फक्त दुसऱ्याच्या सिनेमाला नावं ठेवून मी जाणार नाही. तुमच्यापैकी कुणी शाळा चालवतं, कुणाचं क्रीडा मंडळ आहे, कुणी गणपती-शारदोत्सवात स्पर्धा भरवतं. चार साध्या गोष्टी सांगते. पंच परीक्षा पास झालेल्या मुलींची यादी मागवा आणि फक्त मुलींच्या सामन्यांना बोलावू नका, मुलांच्याही द्या. अंतिम सामना आधीच ठरवून द्या, ऐनवेळी मोटारसायकल पाठवू नका. सामना रात्री संपणार असेल तर तिच्या परतीची सोय आणि कपडे बदलायला बंद खोली, हे मानधनाआधी विचारा. कितीतरी मुली शिट्टीला घाबरून नाही, रात्री साडेनऊला बस नसते म्हणून घरी बसतात. आणि चौथी गोष्ट, ती चुकली तर पुरुषाला जेवढी ओरडता तेवढंच ओरडा. कमी नको, जास्तही नको. आणि पुढच्या स्पर्धेला परत बोलवा.

व्याख्यान संपवायला सांगताहेत. पण त्या कोपऱ्यातल्या काकांचा हात मघापासून वर आहे. विचारा काका.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मॅडम, पंच चांगला पाहिजे. बाई आहे की पुरुष, कोणत्या जातीचा, याच्याशी खेळाला काय करायचंय?)

काका, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पंच चांगलाच पाहिजे. पण चांगला पंच तयार कसा होतो? मी पहिली पाच वर्षं चांगली पंच नव्हते. जे पुरुष माझ्यासोबत होते तेही नव्हते. ते मैदानात चुकत चुकत चांगले झाले, आणि मी टेबलावर बसून त्यांच्या चुका लिहीत होते. आठ वर्षांनी दोघांना शेजारी उभं करून ‘बघा, कोण चांगलं आहे?’ असं विचारलं, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं.

माझ्या शाळेत सध्या नववीत एक मुलगी आहे. वस्तीतली आहे, आई धुणीभांडी करते. खेळते बरी, फार भारी नाही. पण नियम असे तोंडपाठ, की सामना चालू असताना माझ्या आधी तिचा हात वर जातो. गेल्या महिन्यात मी तिला म्हटलं, “उद्याच्या आंतरवर्गीय सामन्याला शिट्टी तू घे.” ती म्हणाली, “नको मॅडम, पोरं हसतात नं.” मी म्हटलं, “हसू दे. पहिल्या चढाईला हसतील, दुसऱ्या चढाईला भांडतील, तिसऱ्या चढाईला तुझ्याकडे बघतील.” ती घ्यायला तयार झाली. दहावीतल्या पोरांचा सामना होता. दोन चुका केल्या तिनं. एका पोरानं तिला वेडंवाकडं बोलून दाखवलं, तर तिनं शांतपणे खिशातून कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. पोरगा गप्प झाला.

पुढच्या शनिवारी पुन्हा सामना आहे. शिट्टी तिच्याकडेच आहे, मी तिला परत मागितलेली नाही. जमलं तर बघायला या.